सोलापुरात बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरणार असाल तर आधी हे वाचा

सोलापुरात नवीन राहायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो पाणी किती दिवसाआड येतंय, आणि मग लगेच विचारतो बोअर आहे का. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. जुळे सोलापूर घ्या, होटगी रोड घ्या, शेळगी-बाळे घ्या, हद्दवाढ भागात घर घेणाऱ्या प्रत्येकाला बोअर लागतोच कारण नळाच्या पाण्यावर आठवडा काढायचा म्हणजे टाक्या, सिंटेक्स, पिंप सगळं भरून ठेवावं लागतं आणि तरी पाहुणे आले की बोंब. गावाकडं दक्षिण किंवा उत्तर सोलापूर तालुक्यात शेतावर राहायला गेलात तर मग विहीरच.

पण बोअर मारताना इकडं सगळी चर्चा दोनच गोष्टींवर चालते, किती फूट गेला आणि किती इंची पाणी लागलं. वरच्या वीस फुटांत काय केलं हे कुणी विचारत नाही. आणि पाण्यातनं होणारे जुलाब, कावीळ, टायफॉईड यांचा बहुतेक संबंध त्या वरच्या वीस फुटांशी, बोअरच्या तोंडाशी आणि घरातल्या पाईप-टाकीशी असतो, खाली तीनशे फुटावर काय आहे त्याच्याशी कमी. म्हणून या लेखात खोलीपेक्षा तोंडाबद्दल जास्त लिहिलंय, कंटाळा करू नका.

आधी कागद

"आपल्या जागेत आपला बोअर, कुणाला काय विचारायचं" असं शेजारी सांगतील. ऐकू नका. महाराष्ट्रात भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 आहे, त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअर मारणाऱ्या गाड्यांची पण नोंदणी आहे आणि 60 मीटर किंवा त्याहून खोल म्हणजे साधारण दोनशे फुटाच्या खाली गेलेली विहीर ही "खोल विहीर" धरली जाते, अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारनं भूजलासाठी तसं जाहीर केलेल्या भागात, तशी नवीन घ्यायला मनाई आहे. आता आपल्याकडं बोअरवाले दोनशे फुटाला तर "साहेब आत्ता कुठं सुरुवात झाली" म्हणतात, तेव्हा तुमचं गाव किंवा भाग अधिसूचित आहे का हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात आधीच विचारून घ्या. लोक याला नुसतं भूजल ऑफिस किंवा जीएसडीए म्हणतात.

दुसरा नियम जुना आहे, 1993 च्या कायद्यापासूनचा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा उद्भव, म्हणजे गावाची नळयोजनेची विहीर, सरकारी बोअर, हातपंप असलं काही, त्याच्या 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर घ्यायची नाही. खेड्यात प्लॉट घेतलेल्यांना हे लई वेळा माहीतच नसतं आणि बोअर मारून झाल्यावर ग्रामपंचायतीत भांडण लागतं.

तिसरं, सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या गाईडलाईन. लहान मुलं उघड्या बोअरमध्ये पडायच्या घटनांमुळं त्या आल्या. त्यात असंय की बोअर मारायच्या किमान 15 दिवस आधी मालकानं लेखी कळवायचं, शहरात असाल तर महापालिकेला, गावात असाल तर सरपंच-ग्रामपंचायतीला. शहरात तुमच्या झोन ऑफिसात अर्ज द्या, सोबत घराचा उतारा किंवा टॅक्स पावती जोडा आणि काय परवानगी-फी लागते ते तिथंच विचारा. अर्ज दिला की पोच शिक्का मारून घ्या, तोंडी "चालतंय जावा" यावर घरी येऊ नका. नंतर शेजाऱ्यानं तक्रार केली तर तो शिक्काच कामाला येतो.

घरगुती वापराला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या गाईडलाईनमध्ये एनओसीतनं सूट आहे. पण हॉटेल, मोठी अपार्टमेंट, जारचा प्लांट, कारखाना असेल तर ती सूट आहेच असं धरून चालू नका, त्यांचं खातं वेगळं.

जागा कुठं धरायची

पाणाड्या नारळ घेऊन फिरेल, तळहातावर नारळ उभा राहील, सगळे माना डोलवतील. तुम्हाला करायचं तर करा, दक्षिणा द्या, माझं त्यात काही म्हणणं नाही. पण पाणाड्यानं दाखवलेली जागा जर संडासच्या टाकीपासून दहा फुटावर असेल तर नारळ कितीही उभा राहू दे, तिथं मारू नका.

सेप्टिक टँक, शोषखड्डा, गटार, उकिरडा, गोठा यांच्यापासून कमीत कमी 15 मीटर म्हणजे पन्नास फूट अंतर पाहिजे, शोषखड्ड्यासाठी तर भारतीय मानकात 18 मीटर दिलंय. आणि आपल्याकडं हे कमीच समजा कारण सोलापूर सगळं काळ्या दगडावर बसलंय, बेसाल्ट. मातीतनं पाणी गाळून गाळून हळू जातं पण दगडातल्या फटीतनं गेलं की गाळणंबिळणं काही होत नाही, वर सांडलेलं घाण पाणी फट धरून थेट शेजारच्या बोअरमध्ये. जमीन उताराची असेल तर बोअर वरच्या अंगाला घ्या आणि संडासची टाकी खालच्या अंगाला.

बारक्या प्लॉटवर पन्नास फूट कुठनं आणायचं हा खरा प्रश्न आहे. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर मागं तुमची टाकी, बाजूला शेजाऱ्याची टाकी, पुढं रस्त्याची गटार. अशा ठिकाणी बोअर मारलात तरी ते पाणी वापरायचं समजायचं, प्यायचं नाही, आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या कच्च्या थरात घालायचा पाईप, जास्त घालायची. शेजाऱ्याची टाकी कुठं आहे ते गोड बोलून आधी विचारून घ्या, घर बांधताना लोक टाकीवर फरशी टाकतात आणि मग कुणालाच आठवत नाही. नवीन घर बांधत असाल तर टाकीच्या खाली काँक्रीटचा तळ टाकून घ्या, नुसता दगड रचून खड्डा केला तर ती टाकी नाही, ती गळतीच आहे.

गाडी आली की उभं राहून बघायचं ते

बोअरच्या गाड्या, त्यातल्या बऱ्याच तमिळनाडूच्या, रात्री-अपरात्री येतात. सगळं घर धुळीनं पांढरं होतं, आवाजानं गल्ली जागी, आणि मालक डोळे फाडून बघत असतो की डस्ट कधी थांबते आणि पाणी कधी येतंय. तुम्ही मात्र सुरुवातीच्या अर्ध्या तासाला जागे राहा, शेवटी झोपलात तरी चालेल.

सुरुवातीला काळी माती निघते, मग मुरूम, मग पिवळट-तपकिरी कुजलेला दगड, मग निळा-काळा कडक पाषाण. मोठ्या बिटनं आधी या कच्च्या थरातनं भोक पाडतात, त्यात पीव्हीसी केसिंग पाईप उतरवतात आणि मग बारक्या बिटनं, आपल्याकडं बहुतेक साडेसहा इंची, पुढं पाषाणात जातात. केसिंगचं काम दोन आहे. माती ढासळू द्यायची नाही हे सगळ्यांना माहितीये. वरचं घाण पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे कुणी बोलत नाही. पाषाण दहा फुटावरच लागला की गाडीवाला दहाच फूट केसिंग टाकून मोकळा होतो, तुम्ही पण खूश कारण केसिंगचे पैसे फुटावर असतात. तिथंच फसता. कमीत कमी वीस फूट, म्हणजे 6 मीटर, केसिंग घालाच, आणि तिचं खालचं टोक कडक दगडात दोन फूट तरी घुसलेलं पाहिजे, दगडावर नुसतं टेकलेलं नको.

मग केसिंगच्या बाहेर आणि भोकाच्या आत जी बोटभर गॅप राहते ती. ती गाडीवाला निघालेल्या मुरमानंच भरतो, पायानं दाबतो, झालं. पहिल्या पावसात तिथनं पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ खाली. ही गॅप सिमेंटच्या घट्ट घोळानं भरून घ्यायची, गाडीवाल्याशी हे बोलणं सुरुवातीलाच, रेट ठरवताना करा, कारण काम झाल्यावर तो थांबत नाही, त्याची दुसरी साईट वाट बघत असते. सिमेंटची दोन पोती आधीच आणून ठेवा.

केसिंग जमिनीच्या वर किती ठेवायची? एक-दीड फूट तरी. लोक गाडी लावायला अडचण होते म्हणून केसिंग जमिनीलगत कापतात आणि वर चेंबर करून जाळी टाकतात. त्या चेंबरमध्ये पावसाळ्यात काय साचतं ते एकदा झाकण उघडून बघा. झुरळं, गाळ, गुटख्याच्या पुड्या, आणि पोर्च धुतलेलं साबणाचं पाणी, मधोमध तुमची केसिंग, तिच्या तोंडात कोंबलेलं गोणपाट. आणि हेच पाणी फिल्टर लावून पितात.

तोंड पॅक करणं

कोर्टाच्या गाईडलाईनमधली मापं तुम्हाला गवंड्याला सांगता येतील अशी सरळ आहेत. केसिंगभोवती काँक्रीटचा ओटा 0.50 बाय 0.50 बाय 0.60 मीटर, त्यातला 0.30 जमिनीच्या वर आणि 0.30 जमिनीत. तोंडावर लोखंडी प्लेट वेल्डिंग करून किंवा नट-बोल्टनं कसलेलं मजबूत कॅप. मारताना भोवती काटेरी तार, आणि एक पाटी, त्यावर बोअर मारणाऱ्या एजन्सीचं आणि मालकाचं नाव-पत्ता. मारून झाल्यावर चिखलाचे खड्डे बुजवायचे. मोटर काढायला आली तरी तोंड उघडं सोडून जेवायला जायचं नाही, पाच मिनिटासाठी पण नाही, घरात लहान मूल असो नसो.

मी म्हणेन ओटा जरा मोठाच करा आणि चारी बाजूनं बाहेर उतार द्या. मोटरचा पाईप आणि केबल जिथनं कॅपमधनं बाहेर येते तिथं रबरी सील बसवा, एवढं बारकं भोक पण पालीला पुरतं.

विहीर असेल तर मापं वेगळी. वरचं बांधकाम पाणी न झिरपणारं, किमान 6 मीटर खोल. कठडा ओट्यापासून 70-75 सेंटीमीटर तरी उंच, भोवती एक मीटरचा सिमेंटचा ओटा, उतार बाहेर, आणि सांडलेलं पाणी लांब नेणारी नाली. वर झाकण किंवा निदान जाळी. कपडे धुणं, जनावरं धुणं ओट्यावर नको, आणि दोर-बादली प्रत्येकाची वेगळी टाकायची नाही. पायऱ्यांची विहीर असेल तर ती शेतीला ठेवा, माणसं पायानं उतरतात तिथलं पाणी प्यायचं नाही, नारू याच वाटेनं पसरायचा, भारत नारूमुक्त 2000 साली जाहीर झाला पण बाकीचे जंतू आहेतच की.

आणि एक महत्त्वाचं, विहीर साफ करायला माणूस उतरवणार असाल तर. बंद पडलेल्या विहिरीत हवा खराब असते. कंदील पेटवून दोरानं खाली सोडा, विझला तर उतरायचं नाही. न विझला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं. पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवून चालवायचं नाही, त्याचा धूर खाली साचतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसरा पण.

टेस्ट कधी, कुठं, कशी

नवीन बोअरचं पाणी पहिले काही दिवस गढूळ येणारच, ते सोडून द्या. स्वच्छ यायला लागलं की टेस्ट. दोन वेगळ्या टेस्ट असतात हे नीट समजून घ्या. रासायनिक म्हणजे क्षार, नायट्रेट, फ्लोराईड वगैरे, ही वर्षातनं एकदा पुरते. जंतूंची, म्हणजे कोलिफॉर्म आणि ई कोलाय, ही वर्षातनं दोनदा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरला येतो, तेव्हा दुसरी टेस्ट ऑक्टोबरला ठेवा.

कुठं करायची? भूजल यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत, आरोग्य खात्याची जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते, खाजगी लॅब पण आहेत, तिथं मान्यता आहे का ते विचारा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो आणि जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग दिलेलं असतं, त्यांना विचारा, प्राथमिक अंदाज गावातच येतो. पाणी-स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं ते बघा, लाल कार्ड असलेल्या गावात प्लॉट घेतला असाल तर विहिरीच्या बाबतीत डबल सावध.

सॅम्पल घेणं ही अर्धी टेस्ट आहे. जंतूंच्या टेस्टला बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही. लॅबमधनंच निर्जंतुक बाटली आणायची, ती खळबळायची नाही, तिच्यात आधीच औषध टाकलेलं असतं. नळाला लावलेली प्लास्टिकची नळी, जाळी काढा, नळाचं तोंड लायटरनं किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग बाटली उघडून गळ्यापर्यंत भरा, झाकणाला आतून बोट लावू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा, शनिवारी संध्याकाळी सॅम्पल घेऊन सोमवारी द्यायला गेलात तर तो रिपोर्ट कागदाच्या किमतीचा पण नाही. रासायनिकला एक-दोन लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून भरली तरी चालते. आणि सॅम्पल बोअरच्या तोंडाजवळच्या नळाला एक, किचनच्या नळाला एक असे दोन घ्या. बाहेरचं चांगलं आणि आतलं खराब आलं तर दोष टाकीत-पाईपात आहे, बोअरला शिव्या देऊ नका.

रिपोर्ट हातात आला, आता काय बघायचं

भारतीय मानक आयएस 10500, 2012 सालचं. त्यातले कामाचे आकडे एवढेच. ई कोलाय 100 मिलीमध्ये सापडताच कामा नये, तिथं "थोडंसं चालतंय" हा प्रकार नाही. नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटर, याच्यावर सूट नाही. फ्लोराईड 1 पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसली तर 1.5. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, 500 पर्यंत चांगलं, नाइलाजानं 2000. कठीणपणा 200, नाइलाजानं 600. पीएच 6.5 ते 8.5.

आपल्याकडं कठीणपणाची बोंब सगळ्यात जास्त, बादल्या पांढऱ्या पडतात, गिझर जातो, डाळ शिजत नाही, केस राठ होतात. त्रास आहेच, पण त्यानं माणूस आजारी पडून दवाखान्यात जात नाही. नायट्रेटचं उलटं. पाणी चवीला गोड, काचेसारखं स्वच्छ, डाळ मऊ शिजते आणि नायट्रेट ऐंशी. युरियामुळं, गोठ्यामुळं, संडासच्या टाकीमुळं येतं. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात केलं तर रक्तातला ऑक्सिजन कमी होऊन बाळ निळं पडतं. आणि इथं लोक काय करतात, पाणी उकळतात. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट वाढतं. त्याला घरच्या घरी सोपा उपाय म्हणजे आरओ किंवा दुसरं पाणी.

आता ते आरओ विकायला येणारे. एक टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, मग दोन सळयांचं यंत्र पाण्यात बुडवतो आणि तुमचं पाणी चॉकलेटी होतं, त्याच्या बाटलीतलं होत नाही, वहिनी घाबरून जातात. ती सळईच विरघळून गंज निघालेला असतो ओ, क्षार असले की वीज वाहते आणि गंज निघतो, जंतूशी संबंध नाही. टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत, नायट्रेट वेगळं कळत नाही. लॅबचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय मशीन घेऊ नका. घेतलंत तर त्याचं टाकाऊ पाणी फरशी-संडासला वापरा, आपल्या गावात एवढं पाणी गटारीत सोडणं पाप आहे.

पाण्याला रंग, फेस किंवा केमिकलचा वास असेल, कारखान्यांच्या बाजूला राहत असाल, तर खालचं टीसीएलचं, म्हणजे ब्लिचिंग पावडरचं, प्रकरण तुमच्यासाठी नाही. असलं पाणी तोंडात घालू नका, अंगावर पण घेऊ नका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या.

टीसीएल कसं टाकायचं

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. चांगल्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतं पण पुडी उघडी राहिली, उन्हात राहिली की ते उडून जातं आणि नुसता चुना उरतो. आपल्या 42-43 डिग्रीच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पोत्याचं काय होत असेल विचार करा. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, अंधारात, थोडी थोडी आणून ठेवा. वास झणझणीत येत नसेल तर टाकून द्या.

रोजच्या शुद्धीकरणाला मोजमाप 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. विहिरीत पाणी किती ते असं काढा, फुटात व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 22, उत्तर लिटरमध्ये. पंधरा फूट व्यासाची विहीर आणि दहा फूट पाणी म्हणजे साधारण 50 हजार लिटर, तिला 125 ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग पाणी वाढवून ढवळा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या, खाली बसलेला चुना टाकून द्या आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरानं विहिरीत सोडा, पाण्याखाली गेली की वर-खाली हलवा म्हणजे सगळीकडं मिसळतं. वरून पावडर भुरभुरवायची नाही, ती तशीच तळाला जाऊन बसते. रात्री टाका, कमीत कमी एक तास कुणी पाणी काढू नका, सकाळी वापरा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आषाढी वारीच्या आधी पालखी मार्गावरच्या विहिरींचं असंच शुद्धीकरण आणि तपासणी होते, गावात असाल तर तेव्हा उभं राहून बघा, एकदा बघितलं की कळतं.

झालं की नाही कसं ओळखायचं? ओटी टेस्ट. जलसुरक्षकाकडं बारकी बाटली असते, पाण्यात थेंब टाकले की पिवळं होतं. तासाभरानं क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे, घरातल्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम.

बोअरला रोज टीसीएल टाकत नाहीत. नवीन बोअर, मोटर काढून परत बसवलेली, पुराचं पाणी आत गेलेलं किंवा रिपोर्टमध्ये ई कोलाय आलेला, अशा वेळी एकदा जोरदार डोस द्यायचा. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साडेसहा लिटर पाणी बसतं, हे लक्षात ठेवायला सोपंय. समजा बोअर तीनशे फूट, पाणी एकशेवीस फुटावर उभं आहे, तर पाण्याचा कॉलम एकशेऐंशी फूट म्हणजे साधारण 1170 लिटर. इथं डोस 1000 लिटरला 150 ग्रॅम, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम. वरच्यासारखंच निवळून ओता. मग मोटर चालू करून डिलिव्हरीची नळी परत बोअरच्याच तोंडात सोडा, अर्धा तास पाणी गोल फिरू द्या, क्लोरीनचा वास यायला लागला की घरातला एकेक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा. रात्रभर तसंच. आरओ आधीच बंद करून ठेवा, त्याचं मेम्ब्रेन क्लोरीननं खराब होतं. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, झाडांना नाही, संडासच्या टाकीत नाही, आणि शेजाऱ्याच्या दारात तर अजिबात नाही. आठवड्याभरानं परत जंतूंची टेस्ट. पुन्हा ई कोलाय आला तर घाण सतत कुठनं तरी येतीये, परत परत पावडर टाकून काही होणार नाही, केसिंगची गॅप आणि टाकीचं अंतर बघा.

हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल, आणि टीसीएलची बादली कधीच ॲसिडच्या किंवा संडास क्लीनरच्या बाटलीजवळ नेऊ नका, मिसळलं तर विषारी गॅस होतो.

नळाची लाईन आणि बोअरची लाईन

हा भाग लहान आहे पण सगळ्यात जास्त लोक इथं गंडतात. प्लंबर एक टी आणि एक कॉक टाकून बोअरची लाईन नळाच्या लाईनला जोडून देतो, "दोन्ही पाणी एका टाकीत, टेन्शन नाही". आपल्याकडं नळ दिवसेंदिवस बंद असतो, लाईन रिकामी असते, कॉक जरा लीक झाला किंवा उघडा राहिला की तुमच्या बोअरचं पाणी गल्लीच्या मेनलाईनमध्ये जातं आणि पाणी सुटलं की सगळ्या गल्लीच्या घरात. दोन लाईन वेगळ्या, दोन टाक्या वेगळ्या, प्यायच्या नळाला वेगळा रंग. पाणी सुटलं की मेनलाईनला थेट मोटर लावून ओढायचं पण बंद करा, लाईन फुटलेली असेल तिथनं गटारीचं पाणी आत ओढलं जातं, ते आधी तुमच्याच टाकीत येतंय.

साठवलेलं पाणी हा वेगळा ताप. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून आठवड्यातनं एक कोरडा दिवस, सगळी पिंपं रिकामी करून घासायची, टाकीला झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी. न वापरणाऱ्या विहिरीत गप्पी मासे सोडा, हिवताप विभागाकडं मागितले की मिळतात.

पाण्याची पातळी वहीत लिहा

भूजल खातं आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातनं चार वेळा घेतं, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुम्ही पण तेच धरा, जानेवारी म्हणजे गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा, भरतो तेव्हा, सोपंय लक्षात ठेवायला. दोरीला वजन बांधून सोडायचं, भिजलेल्या जागेपर्यंत मोजायचं. पातळी लई खाली गेली की क्षार वाढतात, मोटर कोरडी चालून जळते, आणि हे तुम्हाला मे महिन्यात नाही, मार्चमध्येच कळलं पाहिजे. छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडायचं असेल तर वाळू-खडी-कोळशाच्या खड्ड्यातनं गाळूनच, पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर सोडून. थेट पाईप केसिंगमध्ये घातलात तर छतावरची कबुतरांची विष्ठा थेट प्यायच्या पाण्यात. राज्याच्या बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला ही सोय सक्तीची आहे, बारक्या प्लॉटवाल्यांनी मनानं केलं तर आपलंच पाणी वाढेल.

जुना बोअर असलेलं घर घेताय

घर दाखवताना मालक मोटर चालू करून दाखवतो, धो धो पाणी येतं, आपण खूश. त्याला एवढं विचारा, किती फूट, केसिंग किती, मारला कधी, मोटर किती फुटावर, शेवटची टेस्ट कधी. त्याला केसिंग सांगता आली नाही तर बोअरचं पाणी प्यायचं नाही असं धरूनच व्यवहार करा. आणि अंगणात, जिन्याखाली, कंपाऊंडच्या कोपऱ्यात कोरडा पडलेला दुसरा बोअर आहे का ते पण विचारा, असतो बऱ्याचदा, वर एक फरशीचा तुकडा टाकलेला. तो तसाच ठेवू नका. तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोटे किंवा बोअरचीच निघालेली खडी टाकून पूर्ण भरायचा असा कोर्टाचा नियम आहे, नुसतं तोंड बंद करून भागत नाही. कचरा, प्लास्टर फोडलेला राडारोडा, संडासचा पाईप असलं काही त्यात सोडायचं नाही, तो बोअर शेजारच्या चालू बोअरच्याच फटीला जोडलेला असू शकतो. भरून झालं की ग्रामपंचायतीला किंवा झोन ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घरच्या कागदांच्या फायलीत लावा.